खुपऱ्या गेल्या, मावशीच्या पापण्या तशाच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'देश ट्रॅकोमामुक्त' हा कालच्या अंकातील लेख वाचला. अभिमानाची गोष्ट अभिमानाने छापली, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले ते 'सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन', आणि त्यातले पहिले चार शब्द आपल्या मथळ्यातून गळाले. शिवाय आपल्याकडे डोळ्यांच्या या संसर्गजन्य रोगाला पिढ्यान्पिढ्या खुपऱ्या म्हणतात, तो शब्द अख्ख्या लेखात एकदाही नाही. मग ज्यांना त्या झाल्या होत्या त्यांनी हा लेख आपल्याबद्दल आहे हे ओळखायचे कसे?

माझी मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिच्या लहानपणी आजी एकाच बोटाने पाचही पोरांच्या डोळ्यांत काजळ घालायची, एकाच पदराने सगळ्यांचे डोळे पुसायची, आणि विहीर आटली की तोंड धुणे ही चैन असायची. संसर्ग पुनःपुन्हा होत गेला, पापण्यांच्या आत व्रण धरले आणि उतारवयात त्या आत वळल्या. आता पापणीचे केस बुबुळावर घासतात. डाव्या डोळ्यात फूल पडलेच आहे. दर पंधरवड्याला पडवीत उन्हाकडे तोंड करून तिला निजवते आणि चिमट्याने एकेक केस उपटते. ती हूं की चूं करत नाही, फक्त ''नाकाकडचा एक राहिला गं'' एवढे सांगते, आणि तो राहिलेला असतोच.

गेल्या वर्षी तिला तालुक्याच्या मोफत नेत्रशिबिरात नेले. बॅटरीचा झोत टाकून ''मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, पुढचे या'' असे सांगण्यात आले. पापणी उलटून कोणी पाहिली नाही. मी खुपऱ्यांचे नाव काढले, तेव्हा तेथील तरुण डॉक्टर अत्यंत आदबीने म्हणाले, ''काकू, तो रोग आता नसतो.'' आपला लेख तेव्हा आला नव्हता, एवढेच काय ते आपले भाग्य.

१९६३ मध्ये सुरू झालेला आणि १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामील झालेला हा लढा मी कमी लेखत नाही. परंतु प्रतिजैविकाने संसर्ग जातो, वळलेली पापणी सरळ होत नाही. त्यासाठी जागा बधिर करून करायची छोटी शस्त्रक्रिया लागते. पंधरा वर्षे व त्यावरील लोकांत पापणी वळलेल्या, पण आरोग्य यंत्रणेला ठाऊक नसलेल्या रुग्णांचे प्रमाण ०.२ टक्क्यांहून कमी हवे, असा निकष आहे. ०.२ म्हणजे शून्य नव्हे, आणि उरलेल्यांना शोधून उपचार देणारी यंत्रणा असणे हीसुद्धा मान्यतेची अटच आहे. ही यंत्रणा आमच्या तालुक्यात कोणत्या वारी बसते, हे आपल्या आरोग्य प्रतिनिधींनी छापल्यास आभारी राहीन. पोरांचे डोळे पुसणाऱ्या बायकांनाच हा रोग अधिक जडतो, तेव्हा चौकशीला बहुधा आम्हीच येऊ.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र पिकलेल्या मोतीबिंदूचे आहे. शिबिरातही तेच झाले, छापखान्यातही तेच. मागील पत्रातला माझा अर्धा मजकूर आपण जागेअभावी गाळला होता; या वेळी गाळायचेच असेल तर आकडे गाळावेत, मावशीचा परिच्छेद राहू द्यावा.

आपली,
एक वाचक, धुळे