एकाच तबकडीवरची दोन गाणी

कोल्हापूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत जेवताना तू जे बोललीस ते अजून मनातून जात नाही. आत्याच्या मुलानं फोनवर कुठल्याशा पॉप गायिकेचा कार्यक्रम लावला होता आणि तू म्हणालीस, "ही परफॉर्मर आहे, कलाकार नव्हे." आईनं वाढायला घेतलं आणि विषय तिथंच राहिला. पण पंचवीस वर्षं मी कार्यक्रमांत आवाजाच्या मिक्सरमागं उभा राहून अशीच गाणी म्हणणाऱ्यांना ऐकत आलोय. जत्रा, गणपती, ऑर्केस्ट्रा, सगळीकडं. त्यामुळं हे मला लिहायलाच हवं.

तू म्हणालीस, शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, मग हिचं स्वतःचं काय? बाळ, तू शास्त्रीय गाणं शिकतेस; सध्या घोटतेस ती सदारंगांची चीज, म्हणजे त्यांनी बांधलेली बंदिश, अठराव्या शतकातली. राग त्याहून जुना. ती चीज गुरुजींनी तुला दिली, त्यांना त्यांच्या गुरूंनी. त्यात तुझं काय, असं कुणी विचारत नाही, कारण मुखडा घेऊन तू तालाच्या पहिल्या मात्रेवर, समेवर, कशी येतेस ते तुझं असतं, हे ऐकणाऱ्याला कळतं. मग तोच कान दुसऱ्या गाण्याला का लावायचा नाही?

केसरबाई केरकरांची भैरवी तुला पाठ आहे, 'जात कहाँ हो'. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, त्यात ती भैरवी आहे हे तू अभिमानानं सांगतेस. त्याच तबकडीवर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड' आहे, हे कधी सांगितलं नाहीस. सगळी मिळून 27 गाणी आणि वाद्यरचना, जेमतेम दीड तासाचं संगीत. त्यात बाख, बीथोव्हेन, आपल्या केसरबाई आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसचा हा गिटारवाला. निवड करताना वाद झाला होता. आयुष्यभर लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सना हे गाणं पोरकट वाटलं. तबकडीसाठी निवड करणाऱ्या गटाचे प्रमुख कार्ल सेगन यांनी उत्तर दिलं की या पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत. मला ते उत्तर आवडतं, पण पुरेसं वाटत नाही. ते गाणं पोरांसाठी असेल, पोरकट नाही.

नीट ऐक ते. 1958 सालचं, अडीच मिनिटांच्या थोडं वर. धड लिहितावाचता न येणाऱ्या पण गिटार झकास वाजवणाऱ्या एका खेड्यातल्या पोराची गोष्ट. चक बेरीनं आधी त्या पोराला 'काळा पोरगा' म्हटलं होतं. तसं गाणं रेडिओवर लागलं नसतं म्हणून त्या जागी 'खेड्यातला' हा शब्द आला. एका शब्दात त्या देशाचा सगळा इतिहास गिळून हा माणूस नाचवणारं गाणं करतो. सुरुवातीची ती प्रसिद्ध गिटारही त्याची नव्हे. लुई जॉर्डनच्या 1946 सालच्या एका गाण्यात कार्ल होगननं ती वाजवली होती, आणि चक बेरीनं ते कधी लपवलं नाही. त्यानं ती उचलली आणि तिथून गाणं असं सोडलं की पुढं जगभरच्या पोरांनी गिटार हातात घेतल्यावर आधी तेच वाजवायला घेतलं. आपल्याकडं याला घराण्यातली जागा, म्हणजे सुरांची एखादी खास लकब, उचलणं म्हणतात.

आणि नाच. गाता येत नाही ते नाचून झाकतात, असं तू म्हणालीस. तुझ्याच अभ्यासातला शार्ङ्गदेव काढून बघ. तेराव्या शतकात देवगिरीला बसून त्यानं 'संगीतरत्नाकरा'त लिहून ठेवलंय की गीत, वाद्य आणि नृत्य या तिघांना मिळून संगीत म्हणतात. चक बेरी बदकासारखा एका पायावर पुढं सरकत गिटार वाजवायचा, तेव्हा तो काही झाकत नव्हता.

तुमच्याकडं उपज आहे, गाता गाता नवं सुचत जाणं, हे मी मानतो. तासभर एक राग उलगडत नेणं हे फार मोठं काम आहे. ती मुभा पॉपवाल्याला नाही. पण त्या तबकडीवर केसरबाईंनाही साडेतीनच मिनिटं मिळाली, आणि त्यात त्यांनी काय केलंय ते तू जाणतेस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. काही वर्षांपूर्वी एका जत्रेत ऑर्केस्ट्राची गायिका आली होती. घसा बसलेला. तिनं कीबोर्डवाल्याला काळी चारवरून अर्धा सूर खाली, पांढरी पाच घ्यायला सांगितलं, गाण्यांचा क्रम बदलला, वरच्या सुरांची गाणी शेवटी नेली. आवाज चढला की माइक हळूच लांब न्यायची, कुजबुज आली की ओठाशी आणायची. दोन तासांत तिचा आवाज कमीजास्त करायला मिक्सरवरचा फेडर मला एकदाही हलवावा लागला नाही. पुढं बसलेल्या बायका तिच्या एका ओळीवर गप्प झाल्या, तेव्हा तिनं ढोलकीवाल्याला नुसत्या नजरेनं थांबवलं आणि ती ओळ पुन्हा म्हटली, एकदम साधी. माझ्या अंगावर काटा आला. त्या रात्रीचं मानधन तिला पूर्ण मिळालं नाही आणि गाडीत बसताना ती माझ्याशी त्याबद्दल नाही, त्या ओळीबद्दल बोलली.

तिथं टाळ्यांसाठी किंचाळणारेही मी ऐकलेत, आणि मोठ्या मैफलीत ताना मोजून टाकणारे, रागाकडं ढुंकून न बघणारे गवईही ऐकलेत. नुसतं गाण्याच्या प्रकारावरून ही माणसं ओळखता येत नाहीत. केसरबाई ज्या समाजातून आल्या त्याला गोव्यात 'कलावंत' म्हणत, आणि तिथल्या बायकांना गायला बोलावून घरच्यांच्या पंगतीला मात्र बसू दिलं जात नसे. म्हणून कुणी सहज 'ही कलाकार नव्हे' म्हटलं की मला आत कुठंतरी लागतं. तू म्हटलंस, म्हणून जास्त लागलं.

दोन्ही गाणी तुला पाठवतो. फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस, मी दिलेले हेडफोन लाव. सुट्टीत आलीस की एका कार्यक्रमाला माझ्याबरोबर चल, मिक्सरजवळ खुर्ची टाकतो. रियाज चुकणार नाही, पहाटेपर्यंत परत येतो आपण.

आईनं चिवडा दिलाय, बसनं येईल.

तुझा
बाबा