वालेसांचा संप फाटकावर वाचला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लेक वालेसांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यातून काढून टाकलेला एक इलेक्ट्रिशियन भिंत ओलांडून संपात शिरतो आणि दहा वर्षांनी पोलंडचा राष्ट्राध्यक्ष होतो, हे खरेच. पण लेखात १६ ऑगस्ट १९८० हा दिवस नाही, आणि नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांनी वाचावा असा दिवस तोच आहे.

संप १४ तारखेला सुरू झाला. निवृत्तीला पाच महिने उरले असताना क्रेनचालक आना व्हालेंतिनोविच यांना कामावरून काढले, हे निमित्त. शनिवारी, तिसऱ्या दिवशी, व्यवस्थापनाने १,५०० झ्लॉटी पगारवाढ दिली, आना आणि वालेसांना परत घेण्याचेही कबूल केले. वालेसांनी संप मिटल्याचे जाहीर केले. माणसे फाटकाकडे निघाली.

आसपासच्या लहान कारखान्यांच्या आणि ट्राम कामगारांच्या पदरात मात्र काहीच पडले नव्हते. मोठा कारखाना बाजूला झाला की त्यांना एकेक करून चिरडणे सरकारला सोपे होते. ट्रामचालक हेन्रिका क्षिव्होनोस यांनी हे तोंडावर सुनावले. आना आणि परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का यांनी फाटकावर जाऊन लोकांना अडवले. पुष्कळ जण तरी घरी गेलेच. जे राहिले त्यांच्या जोरावर त्याच रात्री सर्व कारखान्यांची एकत्र संप समिती झाली. तिच्या २१ मागण्यांतली पहिली होती सत्ताधारी कम्युनिस्ट पक्ष आणि मालक दोघांपासून स्वतंत्र अशा युनियनची.

शिस्तही पाहण्यासारखी होती. १९७० साली रस्त्यावर उतरलेल्या कामगारांवर गोळीबार झाला होता, म्हणून या वेळी कोणी कारखान्याबाहेर मोर्चा काढला नाही. दारू बंद. सरकारशी बोलणी चालत ती लाउडस्पीकरवरून आवारभर ऐकू जात, त्यामुळे पुढाऱ्यांनी आत काय कबूल केले याविषयी संशयाला जागाच नव्हती. ३१ ऑगस्टला उपपंतप्रधान यागिएल्स्की यांनी करारावर सही केली. यातूनच उभ्या राहिलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ या स्वतंत्र युनियनची सभासदसंख्या पुढे एक कोटीच्या घरात गेली. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागला, तरी संघटना भूमिगत राहून टिकली. जून १९८९ च्या निवडणुकीत संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या, सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या १६१ जागा तिने सगळ्या जिंकल्या, सिनेटच्या १०० पैकी ९९. राष्ट्राध्यक्ष म्हणून वालेसांची कारकीर्द वादाची झाली, १९९५ ला ते हरले; तो वेगळा विषय.

आपल्याकडे करार कंपनीनिहाय होतात. कायम कामगारांची पगारवाढ ठरते, शेजारच्याच मशीनवरचा कंत्राटी कामगार कराराबाहेर राहतो आणि पुढच्या संपात त्यालाच उभे करून काम चालू ठेवले जाते. म्हणून नाशिकच्या युनियनांना आमची विनंती आहे: बोलणीला बसणाऱ्या समितीत कंत्राटी कामगारांचा एक तरी प्रतिनिधी घ्या, आणि सहीपूर्वी कराराचा मसुदा गेट मीटिंगमध्ये माइकवरून कलमवार वाचून दाखवा.

आपले,
कामगार चळवळीतील दोन वाचक,
सातपूर, नाशिक