आधी थांबलं ते ध्वनिमुद्रण

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

आकाशवाणीवरचं शास्त्रीय संगीत आटलं याचं खापर तू श्रोत्यांवर फोडलंस, ते काही पटलं नाही. श्रोता पांगला तो मागाहून. आधी थांबलं ते स्थानिक ध्वनिमुद्रण.

आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम 1952चा, तिचंच संगीत संमेलन 1954चं. पण रोजचा भार वाहिला तो लहान केंद्रांनी. आकाशवाणीच्या स्वरचाचणीतून (ऑडिशनमधून) बी, बी-हाय, ए अशी चढती श्रेणी मिळवलेला गावातला गवई ठरल्या तारखेला यायचा आणि साथीला केंद्राचाच तबलजी असायचा. (पेटीला तर आकाशवाणीचं दार 1940पासून तीसेक वर्षं बंद, त्यामुळे साथीला सारंगी!) हे नोकरीतले साथीदार निवृत्त झाले की प्रत्येक मुद्रणाला साथीदार बाहेरून बोलवावा लागतो, म्हणजे मानधन वाढतं, म्हणून मुद्रणं घटतात. मग जुनंच पुन्हा वाजतं, नाहीतर सहक्षेपण, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम तसाच पुढे लावणं. 2016मध्ये आलेली आकाशवाणीची शास्त्रीय संगीताची ‘रागम्’ वाहिनी मी आवडीने ऐकतो, पण साऱ्या देशाला मिळून एक वाहिनी. बी श्रेणीच्या गवयाची पाळी तिथे कधी येणार?

आवाजाच्या दर्जाचंही तेच, दोष श्रोत्याचा नाही. मध्यम लहरीवर वाहिन्यांमध्ये 9 किलोहर्ट्झचं अंतर, त्यामुळे साधारण साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं फारसं पोचत नाही आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, बोथट होते. त्यात एलईडी दिवे, चार्जर यांची खरखर. एफएमवर 15 किलोहर्ट्झपर्यंत जागा आहे, तर प्रोसेसर, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं यंत्र, चित्रगीतांसाठी लावलेला! आलापात गवई थांबला की यंत्र आवाज उचलतं, तंबोरा अंगावर येतो. समेवर पुन्हा दाबतं. शास्त्रीय सभेपुरती कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबणं) कमी आणि रिलीज (दाबलेला आवाज पुन्हा सोडणं) संथ अशी वेगळी मांडणी साठवून ठेवली तरी पुरे.

आता तुझ्याकडे आलेल्या जुन्या ध्वनिफितींच्या रिळांचं. लगेच मशीनवर चढवू नकोस. रीळ उजेडासमोर धर: कडेने उजेड आरपार दिसला तर फीत ॲसिटेटची, ती कधीही तापवायची नाही. व्हिनेगरचा वास आला तर ती कुजायला लागली आहे, बाकीच्यांपासून वेगळी काढ. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली पॉलिस्टरची फीत पुष्कळदा किंचाळते, हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) तपकिरी चिकटा सोडते. तिच्यातल्या बंधकाने, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याने, हवेतला ओलावा शोषलेला असतो. अशी फीत सुमारे 54 अंश सेल्सिअसवर निदान आठ तास शेकावी लागते, तीही तापमान स्थिर ठेवणाऱ्या प्रयोगशाळेच्या भट्टीत. घरच्या ओव्हनचा काटा फार हलतो.

वाजवताना प्रत्येक रिळासाठी हेडचा कोन नव्याने लाव. तार सप्तक सगळ्यांत उजळ ऐकू येईल तिथे थांब. वेगही तपास. सहा टक्के जास्त झाला तर पांढरी दोनची काळी दोन होते, म्हणजे पट्टी अर्ध्या स्वराने चढते, आणि मग गवयाबद्दल लोक भलतेच निष्कर्ष काढतात. संगणकावरचं मुद्रण 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर घे, आणि खरखर काढायची ती प्रतीवर, मूळ फाइलला हात नको.

आणि हो, हे सगळं करण्याआधी डब्याचे आणि आतल्या चिठ्ठीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढ. साथीदारांची नावं बहुतेक वेळा तेवढ्या चिठ्ठीवरच असतात.

तुझा,
मुकुंद