खऱ्या पानाचा ठसा आमच्या मुलांना दाखवा

मा. शालेय शिक्षण मंत्री, कर्नाटक राज्य, यांस,
स. न. वि. वि.

साहेब, खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवतो. गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी रुमालात गुंडाळून फरशीचा तुकडा घेऊन आली. पिवळट दगडावर नेच्यासारखी नाजूक काळी नक्षी. "सर, जीवाश्म!" मला सांगावं लागलं, की बाळ, हे पान नव्हे. दगडाच्या फटीत पाणी मुरलं आणि त्यातलं मँगनीज असं झाडासारखं पसरलं. बघ, मधली शीरच नाही. ती म्हणाली, "मग खरा कसा असतो?" पुस्तकातल्या चित्राशिवाय माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

इथल्या पोरांनी कितीही दगड फोडले तरी तो ठसा हाती लागणं कठीण. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. गोकाकच्या धबधब्यात उघडे पडलेले खडक तर जमिनीवर झाडं उगवण्याच्याही कितीतरी आधीचे. अनावृतबीजींचा, म्हणजे फळाच्या आवरणाविना उघडं बी धरणाऱ्या झाडांचा भरभराटीचा काळ नेमका या दोहोंच्या मधला. आमच्या जमिनीच्या पोथीतून तेवढीच पानं गहाळ आहेत.

ती पानं झारखंडच्या राजमहाल टेकड्यांत आहेत. तिथल्याच जीवाश्मांवरून वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी 1948 मध्ये पेंटोझायलॉनचा, अनावृतबीजींचा लोप पावलेला गट जगापुढे मांडला. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत ग्लोसोप्टेरिस या लोप पावलेल्या झाडाची जिभेसारखी पानं मिळतात, मधोमध ठसठशीत शीर आणि दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. पंचवीस कोटी वर्षांहून जुनी! आपल्या रायचूरच्या वीज केंद्रात जळतो तो कोळसा अशाच रानांचा. खाणीच्या कचऱ्यात जाणारा असा एक दगड शाळेत का येऊ नये?

म्हणून मागणी एवढीच: सीमाभागातल्या प्रत्येक हायस्कुलाला जीवाश्मांची एक पेटी द्या. अस्सल नमुने नसतील तर चांगले साचे चालतील. नावं कन्नडमध्ये लिहा तशी मराठीतही लिहा. मूल ज्या भाषेत प्रश्न विचारतं, त्या भाषेत त्याला उत्तर वाचता यावं. शिवाय वर्षातून एकदा वन खात्याच्या माणसासोबत मुलांना पश्चिमेकडच्या रानात न्यायची परवानगी द्या. घाटातला उंबळीचा वेल हा जिवंत अनावृतबीजी आहे, हे आमच्या कितीतरी मुलांना ठाऊक नाही.

पेटीसाठी मी वरच्या कार्यालयात अर्ज दिला होता. "तरतूद नाही" असं उत्तर आलं.

ती मुलगी आता दहावीत आहे. मार्चमध्ये ती शाळा सोडेल. तिचा तो तुकडा माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि तिचा प्रश्नही अजून तसाच आहे.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, तालुका खानापूर, जि. बेळगाव