आंद्रेओत्ती ‘निर्दोष’ कसे?

महोदय,

इटलीचे सात वेळा पंतप्रधान झालेले जुलिओ आंद्रेओत्ती यांचा विषय ‘अखेर न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले’ एवढ्यावर सर्रास उरकला जातो. हे अर्धसत्य आहे. पत्रकार मिनो पेकोरेल्ली यांच्या खुनाच्या खटल्यात त्यांना २००२ साली झालेली २४ वर्षांची शिक्षा पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, हे मान्य. पण सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात माफियाशी संबंधांवरून चाललेल्या खटल्याचे काय? तिथल्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट म्हटले, की १९८० पर्यंतचे त्यांचे माफियाशी संबंध सिद्ध होतात. शिक्षा टळली ती कायद्यातली मुदत उलटून गेल्यामुळे. २००४ मध्ये हा निकाल कायम झाला. सिसिलीतला त्यांचा राजकीय उजवा हात साल्वो लिमा याला १९९२ मध्ये माफियानेच भररस्त्यात गोळ्या घातल्या, तेही माफियांवरच्या महाखटल्यातील शिक्षा कायम झाल्यावर काही आठवड्यांतच.

या माणसाचे कर्तृत्व मी नाकारत नाही. महायुद्धानंतरचे पंतप्रधान दे गास्पेरी यांच्या हाताखाली ते तयार झाले. १९७८ मध्ये माजी पंतप्रधान आल्दो मोरो ५५ दिवस अपहरणकर्त्यांच्या ताब्यात असताना त्यांनी वाटाघाटींना ठाम नकार दिला. त्याच वर्षी त्यांच्याच सरकारच्या काळात सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यसेवेचा कायदा झाला. हे सगळे जरूर छापा, पण पालेर्मोचा निकालही पूर्ण छापा.

– एक वाचक, पुणे