जिलेटिनचे रोपण किती काळ टिकावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शस्त्रक्रियेनंतर शरीरात राहिलेली पोकळी भरून काढण्यासाठी जिलेटिनपासून ‘टिकाऊ’ रोपणे बनविण्याच्या संशोधनाच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. संशोधन स्वागतार्हच आहे. मात्र त्यातील ‘टिकाऊ’ हा शब्द नेमका कशासाठी वापरला जातो, याचा खुलासा बातमीत क्वचितच असतो.

विदर्भातील एका महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे औषधनिर्माणशास्त्र शिकविले. उन्हाळ्यात परीक्षा लांबली की कॅप्सूलच्या प्रात्यक्षिकासाठी केलेले जिलेटिन पंख्याखाली घट्टच होत नसे. विद्यार्थी चंचुपात्र बर्फात ठेवत, घट्ट झालेला गोळा परीक्षकांना दाखवायला धावत आणि टेबलापाशी पोहोचेपर्यंत त्याच्या कडा सुटू लागलेल्या असत. शरीराचे तापमान ३७ अंश असते, त्यामुळे रोपणाचीही मूळ अडचण हीच आहे. कातडीतील व हाडांतील कोलॅजनचे रेणू तीन पदरांच्या वेणीसारखे असतात. आम्ल किंवा अल्कलीच्या प्रक्रियेने आणि उष्णतेने ती वेणी उकलली की जिलेटिन मिळते. गारव्यात पदर थोडेफार पुन्हा गुंफले जातात, अंगाच्या उबेत सुटतात. म्हणून पदरांमध्ये रासायनिक टाके घालावे लागतात. त्यासाठी वापरले जाणारे ग्लुटाराल्डिहाइड हे रसायन स्वस्त आणि जोरकस, पण त्याचा उरलेला अंश पेशींना विषारी ठरतो. आपल्या अनंताच्या जातकुळीतील झाडाच्या फळांपासून मिळणारे जेनिपिन त्या मानाने सौम्य. त्याने जिलेटिन गडद निळे होते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रकाशाने घट्ट होणारे जिलेटिन मेथॅक्रिलॉइल मांडले आणि आज या क्षेत्रातील बरेचसे काम त्याच्याच आधाराने चालते.

टाके वाढविले की पदार्थ जास्त दिवस टिकतो, हे खरे. पण जिलेटिनची खरी किंमत त्याच्या टिकण्यात नाही. पेशी त्याला ओळखतात, धरून बसतात आणि आपल्याच विकरांनी ते कुरतडून पुढे सरकतात. टाके अति झाले तर हा गुणच जातो. स्तनातील गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीचे उदाहरण घ्या. तिथे नवी चरबी धरायची तर आधी रक्तवाहिन्या आत शिरायला हव्यात, कारण केशवाहिनीपासून साधारण ०.२ मिलिमीटरपलीकडे असलेल्या पेशी प्राणवायूअभावी तग धरत नाहीत. जिलेटिन त्याआधीच विरघळले तर जागा खचते. उलट ते न विरघळता नुसते पडून राहिले, तर शरीर त्याभोवती तंतूंचे कवच उभे करू शकते. १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे बसविल्या गेलेल्या पहिल्या सिलिकॉन स्तनरोपणापासून आजतागायत या कवचाच्या आकसण्याची तक्रार संपलेली नाही आणि ही रोपणे आयुष्यभरासाठी नसतात, हे अमेरिकेची औषध नियामक संस्थाही सांगते. याउलट दात काढल्यावर खाचेत ठेवला जाणारा जिलेटिनचा स्पंज चार ते सहा आठवड्यांत नाहीसा होतो, आणि तिथे तेच हवे असते.

तेव्हा प्रश्न काळ जुळण्याचा आहे, आणि तो प्रयोगशाळेतील बशीतल्या काही आठवड्यांच्या चाचणीने सुटत नाही. आपल्या देशाच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीनुसार चार वर्ग आहेत, उपकरणांचे दुष्परिणाम नोंदविण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१५ पासून चालू आहे. पण हळूहळू विरघळणाऱ्या रोपणाचा दोष वर्षांनंतर, कदाचित दुसऱ्याच गावातील डॉक्टरांसमोर उघड होईल. आत काय घातले होते हे तोवर रुग्णालाही आठवणार नाही. म्हणून अशा संशोधनाला सार्वजनिक निधी देतानाच काही वर्षांच्या पाठपुराव्याची अट आणि त्यासाठीची तरतूद असावी, अशी माझी विनंती आहे.

जिलेटिन डुकराचे, गुराचे की माशाचे, हेही रुग्णाला आधी कळले पाहिजे. रत्नागिरीच्या मासळीची कातडी वापरा, असे सुचविणाऱ्यांना एवढेच सांगतो की माशांचे जिलेटिन सामान्यतः आणखी कमी तापमानाला वितळते. म्हणजे टाके आलेच. प्राणी कोणता, टाके कशाचे आणि किती महिन्यांत विरघळणे अपेक्षित आहे, हे संमतीपत्रात मराठीत छापावे. तसेच बातमी देताना चाचणी बशीत झाली, उंदरावर की माणसावर, हे आपल्या वार्ताहरांनी पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, अमरावती