ती बाटली अजून उघडू नकोस

गोरेगाव, मुंबई

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. पपईच्या पानांमागे आणि जास्वंदीच्या शेंड्यांना चिकटलेलं ते पांढरं म्हणजे झाडाचा रस शोषणारा पिठ्या ढेकूणच, शंका नको. पाऊस सरून ऊन तापायला लागलं की तो जोर धरतो. आईने वाढवलेली वसईची वाडी डोळ्यांदेखत चिकट, काळी पडताना बघून तुझा जीव तुटतोय, हे ओळीओळीतून कळलं. पण दुकानदाराने दिलेली कीटकनाशकाची ती बाटली अजून उघडू नकोस. कळकळीने सांगतोय.

आधी पान उलटं करून नीट बघ. गर्दीत काही ढेकूण फुगलेले, वाळके, तपकिरी दिसतात का? त्यांच्या पाठीला बारीक गोल भोक आहे का? असेल तर तुझ्या वाडीत मदत आधीच पोचलीय. पपईवरचा हा ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्याकडे तो 2008 साली कोईमतूरला पहिल्यांदा सापडला, तमिळनाडूत पपई आणि तुतीची दैना केली आणि महाराष्ट्रापर्यंत येऊन पोचला. शेतकऱ्यांनी औषधावर औषध मारलं, तरी तो आवरेना. मग 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी नावाची इवलीशी परजीवी माशी आणली. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते. अळी त्याला आतून खाते आणि पुढे माशी होऊन पाठीला भोक पाडून बाहेर पडते. ही माशी सोडल्यावर काही महिन्यांत बागा सावरल्या. डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव, आणि केवढं काम! मला त्याचं अजूनही अप्रूप वाटतं.

आता एक गोष्ट फार जपून वाच. ढेकणांमध्येच तुला त्यांच्यापेक्षा मोठी, पांढऱ्या मेणाच्या झालरी लोंबणारी, चांगली तुरुतुरु चालणारी अळी दिसेल. तिला चिरडू नकोस! ती क्रिप्टोलिमस या ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंग्याची, अळी. दिसते हुबेहूब ढेकणासारखी, पण दिवसभर ढेकूण आणि त्यांची अंडी फस्त करत असते. हा ढालकिडा 1898 साली ऑस्ट्रेलियातून आपल्याकडे आणला, तेव्हापासून इथे नांदतोय. मोठा झाला की काळपट अंग, डोकं आणि शेपटाकडचा भाग नारिंगी. ओळख नसल्यामुळे लोक नेमकी हीच अळी 'मोठा ढेकूण' म्हणून मारतात, याचं मला फार वाईट वाटतं.

फवारलं तर काय बिघडतं, असं तू विचारलंयस. ढेकणाच्या अंगावर मेण असतं, अंडी कापसाच्या पिशवीत असतात, त्यामुळे औषध तिथवर पुरतं पोचत नाही. उघड्यावर फिरणारे ढालकिडे आणि माश्या मात्र पहिल्या फवाऱ्यात जातात. राहिलेली अंडी फुटली की त्यांना खाणारं कुणी उरत नाही. कॅलिफोर्नियात हे घडून गेलंय. तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा एका खवले किडीने बुडत चालल्या होत्या. 1888 साली ऑस्ट्रेलियातून व्हेडालिया नावाचा ढालकिडा आणायला सुरुवात झाली आणि दोनेक वर्षांत कीड आटोक्यात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच बागांत डीडीटी हे कीटकनाशक मारलं, ढालकिडे मेले आणि विस्मरणात गेलेली कीड पुन्हा उसळली.

आमच्या गच्चीवर तर हा प्रश्न आणखी नाजूक. ड्रममध्ये भाज्या, खाली लगेच लोकांच्या खिडक्या, दोरीवर कपडे. विषारी फवारा उडाला की तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाणार. पिठ्या ढेकणामुळे वठलेले मुंबईतले जुने वर्षावृक्ष तूही पाहिलेस. भर वस्तीत, एवढ्या उंचीवर, औषध मारणार तरी कसं? या शहराला मित्रकीटकांची गरज शेतापेक्षा कमी नाही, असं माझं ठाम मत आहे. विहिरींत आणि टाक्यांत डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडतात, ते इथे सगळ्यांना पटतं. मग झाडांच्या बाबतीत एवढी घाई का?

तर आता तू हे कर. पहिलं काम मुंगळ्यांचं. ढेकूण जो गोड चिकटा सोडतात त्यासाठी मुंगळे त्यांची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकावतात. बुंध्याला कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लाव, थेट सालीवर नको. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत घालून बांध, बाकीच्यांवर पाण्याचा जोरात फवारा मार. त्यानेही हटले नाहीत तर व्हर्टिसिलियम ही ढेकणांना मारणारी बुरशी फवार, लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. तिला ओलसर हवा लागते, ती तुमच्याकडे भरपूर. निंबोळी अर्कही चालेल, 5 टक्के. पण सगळी झाडं एकाच दिवशी धुऊन पुसून लख्ख करू नकोस. थोडे ढेकूण राहू दे. खायला काहीच नसेल तर ढालकिडे वाडीत थांबणार नाहीत. आणि कोपऱ्यातली कोथिंबीर, बडीशेप फुलावर येऊ दे. परजीवी माश्यांना तिथे मध मिळतो.

ज्या दोन पपया बुंध्याशी कुजताहेत त्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे पाणी साचतंय. आधी चर काढ. मग चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मिसळून ते ओलसर करून आठवडाभर सावलीत गोणपाटाखाली ठेव आणि बाकीच्या झाडांच्या मुळांशी घाल. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण त्याच वेळी वापरू नकोस, ते बुरशीनाशक आहे, ट्रायकोडर्मा वाया जाईल.

रविवारी सकाळच्या विरार लोकलने मी येतोय, भिंग घेऊन. तोवर मुंगळ्यांच्या रांगा कुठून निघतात तेवढं शोधून ठेव, आणि भोक पडलेले ढेकूण दिसले तर ती पानं तोडू नकोस, तशीच झाडावर राहू दे. आईंना नमस्कार.

तुझा,
अनिल